सगळ्यात जड पान

सकाळी चहाचं आधण ठेवून तिनं सवयीनं फोन उघडला, आपल्याच कंपनीच्या साइटवर गेली, आणि वरच्या कोपऱ्यात तिच्या नावाऐवजी नवऱ्याचं नाव दिसलं. झालं एवढंच. पान झटकन उघडलं होतं आणि क्षणभर तिला बरंही वाटून गेलं, कारण पान झटकन उघडणं हीच तिची नोकरी होती. शहरातल्या दवाखान्यांच्या आणि हॉस्पिटलांच्या वेळा घरबसल्या घेता याव्यात म्हणून ती साइट होती, आणि तिचे सर्व्हर ही सांभाळायची. सकाळी सगळं शहर एकदम त्या साइटवर तुटून पडायचं, पानं रखडायची, लोक शिव्या घालायचे. ते हिनं गेल्या महिन्यात असं काही सुरळीत करून दाखवलं, की ऑफिसात तिला सगळे सुसाटबाई म्हणायला लागले. तर सुसाटबाईंचं पान सुसाट उघडलं, आणि त्यावर नवऱ्याचं नाव, आणि नावाखाली ठळक अक्षरांत: पुढची भेट, गुरुवार, सकाळी अकरा. समुपदेशन. गंभीर आजारी रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी. पाण्याला उकळी फुटली तरी ती वाचतच राहिली. मग न्हाणीघराची कडी वाजली, आणि चोरी आपणच केल्यासारखा तिनं फोन पटकन पालथा ठेवला.

नवरा डोकं पुसत बाहेर आला. लिफ्टा दुरुस्त करणारा माणूस, हाताच्या रेघांत कायम वंगण, आणि बोलणं मोजकं. "अगं, तू बस. चहा मी गाळतो," तो म्हणाला. हे नवीन होतं. म्हणजे अगदी आजचं नवीन नव्हतं, गेले काही आठवडे हे चाललं होतं. आधी त्यानं तिच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली. मग पाण्याचा भरलेला जग. मग तो रोज डाळिंब आणायला लागला आणि दाणे काढून वाटीत घालून तिच्यापुढे ठेवायला लागला. तिला डाळिंब आवडत नाही हे त्याला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. "खा गं, चांगलं असतं," म्हणायचा, आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहायचा. एकदा तर मोजे घालता घालता मध्येच थांबून म्हणाला होता, "तुला कुठं जायचं असेल तर सांग. मी सुट्टी काढीन. एकटीनं जायचं काही कारण नाही." तिनं विचारलं, "कुठं जायचंय मला?" तर म्हणाला, "कुठं नाही. आपलं म्हटलं." आणि मोज्याकडे बघत बसला. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. ज्या नवऱ्यानं इतक्या वर्षांत तिची पिशवी कधी उचलली नाही, तो आता जग उचलतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

कारण प्रेमळपणा म्हणजे काय असतो हे तिनं लहानपणीच पाहिलं होतं. वडील तापट होते. जेवणात केस सापडला तर ताट सरकवून उठणारे. आणि एका हिवाळ्यात ते अचानक गोड बोलायला लागले. आईसाठी संत्रं सोलायचे, नुसतं सोलून नव्हे, फोडीवरचे ते पांढरे दोरे एकेक काढून बशीत मांडायचे. आई खुळी, खूश झाली. शेजारणीला म्हणायची, "माणूस सुधारला हो माझा." बशीत मांडलेल्या त्या सोललेल्या फोडींचा ओलसर, आंबटगोड वास अजून तिच्या नाकात होता. हिवाळा सरला आणि एके दिवशी ते सुटकेस घेऊन गेले ते गेलेच. दुसऱ्या गावात त्यांचं दुसरं घर होतं, कधीचंच होतं, आणि जायचं पक्कं ठरल्यावर मागे राहणाऱ्यांची दया येऊन ते संत्रं सोलत होते. आईनं पुढं कधी संत्रं घरात आणलं नाही. तेव्हापासून तिचं गणित बसून गेलं होतं: माणूस ओरडतो तोवर तो आपला असतो. नवरा ओरडायचाही अधूनमधून, चाव्या सापडल्या नाहीत की. गेले काही आठवडे चाव्या सापडत नसल्या तरी तो गप्प राहून शोधत होता.

बसमध्ये तिनं पान पुन्हा उघडलं. आता तिचंच नाव, तिचंच खातं. सकाळचं काही नाही. म्हणजे हा माणूस माझ्या फोनवरून त्याच्या खात्यात शिरला असणार, तिनं ठरवलं. मी आधण ठेवायला उठले तेव्हा पलंगावर बसून काहीतरी करत होताच. दोघांचे फोन एका जातीचे, एका रंगाचे, जोडीनं घेतले म्हणून दुकानदारानं थोडं कमी केलं होतं. तिच्या फोनचा एक कोपरा फुटलेला, तेवढीच काय ती खूण. घाईत चुकून तिचा उचलला असेल. आणि चुकला म्हणून सापडला. कुटुंबीयांसाठी! कुणाच्या कुटुंबीयांसाठी? कुटुंबात होती कोण तर ती, आणि तिची सासू. बस सिग्नलला थांबली तेव्हा तिनं सासूला फोन लावला. "आई, तब्येत कशी आहे?" "माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" सासू नेहमीसारखी कडाडली, आणि मग एकाएकी तिचा आवाज खाली आला. "तू जप गं बाई. जास्त दगदग करू नकोस. पोराला माझ्या तू सोडून आहे कोण?" सासूनं तिला आजवर एकदाही जप म्हटलं नव्हतं. म्हणजे सासूही त्यात सामील. काहीतरी ठरलंय, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जिला ठाऊक नाही तिच्याशी सगळे गोड बोलताहेत.

मग डोक्यानं आपलं काम सुरू केलं. संशयाला कल्पनाशक्ती फार. लिफ्टवाला माणूस, रोज नव्या इमारतीत, लोकांच्या दारापर्यंत जाणारा. कुठल्यातरी नवव्या मजल्यावर एक बाई असेल, आजारी, लिफ्ट बंद पडली तेव्हा यानं तिला धरून जिन्यानं खाली आणलं असेल. मग चौकशी करायला पुन्हा गेला असेल. मग हॉस्पिटलच्या फॉर्मवर रुग्णाशी नातं काय, असं कुणीतरी विचारलं असेल, आणि यानं आपल्या मोजक्या बोलण्यात काहीतरी सांगितलं असेल. त्या बाईला तिनं चेहराही दिला, किंचित लांबट, आणि खांद्यावर शाल. बस ऑफिसाशी पोचेपर्यंत तिला त्या बाईचा इतका राग आला होता आणि इतकी कीवही, की उतरताना ती दुसऱ्याच कुणाच्या तरी पायावर पाय देऊन उतरली. "अहो बाई, बघून!" तो माणूस ओरडला. ओरडला म्हणून तिला जरा बरं वाटलं.

ऑफिसात गाऱ्हाणेताई आधीच हसत बसल्या होत्या. लोकांच्या तक्रारींचे फोन घेणं हे त्यांचं काम, म्हणून ते नाव. निवृत्तीला आलेल्या, कानाला कायम फोनची वायर. "या सुसाटबाई, या! आज ऐकाच. सकाळी सकाळी एक महाशय म्हणतात, बायको माझ्या खात्यात शिरते. दातांच्या डॉक्टरची वेळ बघायला गेलो तर बायकोचंच नाव. म्हटलं साहेब, पासवर्ड बदला. तर म्हणतात, पासवर्ड नाही, बायको बदलतो!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "आणि हे आजचंच नाही बरं का. महिनाभर नुसता ऊत आलाय. भाऊ बहिणीचं बघतो, सून सासूचं बघते. दोघी जुळ्या बहिणी तर फोनवरच एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, मी मधे. लोकांना घरात कामधंदा नाही का हो? मी आपली लिहिते, घरगुती वाद, आणि मिटवून टाकते." गाऱ्हाणेताई हसत राहिल्या. ही हसली नाही. ही उभी होती तिथंच खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. महिनाभर. घरातल्या घरात. नवऱ्याच्या प्रेमळपणाला तरी किती दिवस झाले? तेवढेच. आणि त्याच सुमारास तिनं ते केलं होतं, ज्याबद्दल तिला सगळे सुसाटबाई म्हणत होते.

केलं होतं ते असं. मोठ्या दुकानात पिशवी दाराशी ठेवली की बिल्ला मिळतो, तसा साइटवर पासवर्ड घालून आत आलेल्या प्रत्येकाला सर्व्हर एक लांबलचक नंबर देतो, आणि मग दर पानाला तो नंबर तपासूनच ज्याचं त्याला दाखवतो. या तपासण्यातच सकाळच्या गर्दीत वेळ जात होता. तर तिनं सर्व्हरला शिकवलं, की एका जागेवरून, एकाच जातीच्या फोनवरून पाठोपाठ मागणी आली तर तो तोच माणूस समज, बिल्ला पुन्हा बघू नकोस, मघाशी बनवलेलं पान तसंच देऊन टाक. थोड्या वेळापुरतंच. एका घरातलं सगळं इंटरनेट बाहेरच्या जगाला एकाच जागेवरून आल्यासारखं दिसतं, हे तिला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर फोनच्या जातीची अट घातली होती. एका घरात अगदी सारखे दोन फोन कोण घेतं, असं ती तेव्हा स्वतःशी म्हणाली होती. आणि म्हणताना फुटक्या कोपऱ्याचा तो फोन तिच्या शेजारी टेबलावर पडलेला होता, आणि त्याचा जुळा भाऊ नवऱ्याच्या खिशात. तिनं कपाळावर हात मारून घेतला. बाहेरच्या चोराला ते पान कधीच दिसलं नसतं. दिसणार होतं ते फक्त घरातल्या माणसाला. आणि घरातल्या माणसानं आपलं बघितलं तर कुणी कंपनीवर संशय घेत नाही. संशय घ्यायला घरातलं माणूस तयारच असतं. तिनं स्वतः तरी सकाळी काय केलं होतं?

चाचणीच्या कपाटातून तिनं सारखे दोन फोन काढले, एकावर स्वतःचं खातं उघडलं, लगेच दुसऱ्यावर गाऱ्हाणेताईंचं उघडायला गेली, आणि दुसऱ्यावरही तिचंच उघडलं. बरोब्बर. मग ती त्या दुसऱ्या फोनकडे बघत बसली, नवऱ्यानं बघितलं असेल तसं. आणि मग तिनं त्यावर आपण घेतलेल्या वेळांची यादी उघडली. कारण तिची एक वाईट खोड होती, या धंद्यातल्या पुष्कळांना असते ती: बदल केला की तो चालतो का हे ती खऱ्या साइटवरच, स्वतःच्याच खात्यातून बघायची. वेळ घ्यायची, पान किती पटकन आलं ते बघायची, आणि कुणाची अडचण नको म्हणून लगेच रद्द करायची. आणि चाचणी करायची तर सगळ्यात जड पानावर करावी, ते पळालं की बाकीची पळतातच. साइटवरचं सगळ्यात जड पान कॅन्सर हॉस्पिटलचं होतं. खूप डॉक्टर, खूप फोटो, किरणांच्या उपचारांचे मोठमोठे तक्ते. तर तिच्या खात्यात, तिच्या नावाखाली, ओळीनं होतं: गाठीचा तपास, वेळ घेतली, रद्द केली. गाठीचा तपास, वेळ घेतली, रद्द केली. किरणोपचार, पहिली भेट, घेतली, रद्द. पुन्हा घेतली. पुन्हा रद्द.

लिफ्टवाल्यांना दर वर्षी डोळे तपासल्याचा दाखला द्यावा लागतो, त्याची वेळ बघायला तो साइटवर गेला असणार आणि त्याच्यापुढे हे आलं असणार. फोन घेतले तेव्हा दोन्ही तिनंच लावून दिले होते. आपलं खातं चुकून याच्या फोनवर राहिलं असेल, असं त्याला वाटलं असणार. आणि मग त्यानं वाचलं असणार, त्याच्या सवयीनं, सावकाश. बायकोला काहीतरी झालंय. ती वेळ घेते, आणि धीर होत नाही म्हणून रद्द करते. आणि आपल्याला सांगत नाही. डाळिंब. पाण्याचा जग. एकटीनं जायचं काही कारण नाही. तू जप गं बाई. खांद्यावर शाल घेतलेली नवव्या मजल्यावरची ती लांबट चेहऱ्याची बाई, तिचा तिला सकाळी एवढा राग आला होता. ती बाई ही स्वतःच होती. तिला हसू फुटलं, इतक्या मोठ्यानं की गाऱ्हाणेताईंनी वळून बघितलं.

आता फक्त घरी जाऊन त्याला दाखवायचं. दोन फोन टेबलावर ठेवायचे, हा बघ, आधी तू उघड, आता मी उघडते, बघ कसं येतं ते. एका मिनिटात त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण त्यासाठी संध्याकाळपर्यंत ते तसंच चालू ठेवायला हवं होतं. एकच दिवस, तिच्या मनानं हळूच सुचवलं. महिनाभर चाललंय, अजून एक दिवस. आणि बंद केलं तर पानं पुन्हा रखडणार, साहेब विचारणार, सुसाटबाईंचं बिंग सगळ्या ऑफिससमोर फुटणार, ते वेगळंच. तिनं हात कळफलकावरून मागेही घेतला. तेवढ्यात गाऱ्हाणेताईंचा फोन वाजला. त्या नेहमीच्या उत्साहानं "बोला" म्हणाल्या आणि मग फोन कानाशी घट्ट दाबला. "अगं, मोठ्यानं बोल ना. ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या, आणि मग हातानं फोन झाकून हिच्याकडे बघत म्हणाल्या, "पोरगी आहे कुणीतरी. न्हाणीघरातून बोलतेय. म्हणते, तिच्या मोठ्या भावानं काहीतरी बघितलंय तिच्या खात्यात, आणि बाहेर उभा आहे तो. रडतेय हो." या वेळी त्यांनी घरगुती वाद म्हटलं नाही. हिनं ते बंद करून टाकलं, तिथल्या तिथं, आणि सर्व्हर पुन्हा पूर्वीसारखा प्रत्येकाचा बिल्ला बघायला लागला. "तिला सांगा, मोठ्यानं सांगा, भावालाही ऐकू जाऊ द्या," ती म्हणाली, "की चूक आमची आहे. ते पान तिचं असेलच असं नाही, कुणाचंही असू शकतं." हे खरं नव्हतं. गाऱ्हाणेताईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि फोनमध्ये तसंच सांगितलं, शब्दन् शब्द.

साहेब चिडले, साहेब नेहमीच चिडतात. पानं रांगू लागली. दुपारी सगळ्या लोकांना पाठवायची सूचना तिनंच लिहिली, आणि साहेबांनी दोनदा गुळगुळीत करून आणलेली ती तिनं दोनदा पुन्हा खडबडीत केली: गेला महिनाभर तुमच्या घरातल्या कुणाला तुमचं पान दिसलं असेल, तर त्यांनी ते उघडलं नव्हतं, आमच्या चुकीनं ते त्यांच्यापुढे आलं होतं. कृपया घरातल्यांना दोष देऊ नका. लिहिताना तिला वाटत होतं, हे सगळं एकाच माणसासाठी लिहितोय आपण. ही सूचना त्याच्याही फोनवर जाईल, कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या पोकळीत लोंबकळताना त्याच्या खिशात वाजेल. मग तिच्या मनात तोच किडा दुसऱ्या बाजूनं वळवळला. दोष देऊ नका असं चोरही म्हणेल की.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा तो आधीच आलेला होता, आणि टेबलावर डाळिंबाच्या दाण्यांची वाटी होती. तिनं चपलाही काढल्या नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: सकाळी तिला दिसलेलं त्याचं पान, सर्व्हर, बिल्ला, सारखे फोन, जड पान, चाचणी, घेतली आणि रद्द केली. सांगताना तिला ऐकू येत होतं की ती फार भरभर बोलतेय. तो ऐकत होता. शेवटी त्यानं स्वतःचा फोन काढला, साइट उघडली. पान हळूहळू, रांगत आलं, आणि त्यावर त्याचंच नाव होतं. "आता तर माझंच दिसतंय," तो म्हणाला.

"आता दिसणारच. मी बंद केलं ना ते आज. अरे, सूचना आली नाही का तुला?"

"आली." त्यानं फोन टेबलावर ठेवला. "ती तूच लिहिलीस ना?"

"मीच. पण साहेबांनी वाचून, सगळ्यांना पाठवलीय रे, सगळ्या गावाला! हवं तर उद्या ऑफिसात चल, मी तुला यंत्रावर दाखवते."

"तू काय, यंत्रावर काहीही दाखवशील," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. उलट कौतुकच होतं थोडं.

"म्हणजे तुला वाटतं मी खोटं बोलतेय? मला काहीही झालेलं नाही! ठणठणीत आहे मी, ठणठणीत!" ती ओरडली. वाटलं, आता हा ओरडेल, आणि सगळं जागेवर येईल.

तो ओरडला नाही. उठला, तिच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली आणि खुंटीला अडकवली. "त्या समुपदेशनवाल्या बाईंना मी एकदा भेटून आलोय," तो अगदी हळू म्हणाला. "त्या म्हणाल्या, आधी माणूस नाहीच म्हणतं. चिडतं. काहीबाही कारणं सांगतं, आणि ती पटण्यासारखी असतात. तेव्हा भांडायचं नाही म्हणाल्या. नुसतं सोबत राहायचं."

जे बोलशील ते त्या बाईंनी आधीच सांगून ठेवलेलं. खरं बोलली तर नाकारतेय, रडली तर खचलीय, गप्प बसली तर त्याहून वाईट. तिनंच महिनाभर त्याच्या पिशवी उचलण्यावर जसा संशय घेतला होता, तसाच आता तो तिच्या खरेपणावर घेत होता, फक्त जास्त मायेनं. तिला आईची आठवण झाली, बशीतल्या फोडी खाणारी, खूश. त्याचा हात तिच्या हातावर होता, रेघांत वंगण भरलेला, जड, गरम. असा हात त्यानं कितीतरी वर्षांत धरला नव्हता. आणि तपासण्या झाल्या, काही नाही असं डॉक्टरनं लिहून दिलं, की हा हात जाणार. पुन्हा चाव्या, पुन्हा आरडाओरडा, पिशवी ज्याची त्यानं उचलायची. तिला त्याचीच भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून स्वतःचाच संशय आला. इतक्या जोरात आपण सगळं सांगितलं खरं, पण त्याला पटावं असं आपल्याला मनापासून वाटत होतं ना?

ती खुर्चीवर बसली. वाटी पुढं ओढली आणि दाणे खायला लागली. तुरट लागले, नेहमीसारखेच. तो समोर बसून बघत होता.

"गुरुवारी किती वाजता जायचंय?" तिनं विचारलं. वेळ तिला सकाळपासून पाठ होती.

"अकराला," तो म्हणाला, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला.